बाहेर ठेवलेला थ्रीडी प्रिंट वाकतो, तडकतो, विटतो: आधी खूण ओळखा, मग फिलामेंट बदला

कपाटात दोन वर्षं ठणठणीत राहिलेला ड्रॅगन बागेत ठेवला आणि दीड महिन्यात त्याची मान खाली आली. घुबडाचा कान नुसत्या बोटाने मोडला. बेडकाच्या पोटात पाणी साठलं. असे पुतळे माझ्याकडे दुरुस्तीला येतच असतात आणि घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात मजबूत फिलामेंट (प्रिंटर वितळवून थर रचतो ती प्लास्टिकची तार) कोणतं?

उत्तर देण्याआधी मी पुतळा हातात घेतो आणि तो नेमका कसा बिघडलाय ते बघतो. मजबुती वेगळी आणि बाहेरचा टिकाऊपणा वेगळा. ओढून तोडायला गेलात तर साधं पीएलए (घरगुती छपाईचं नेहमीचं प्लास्टिक) बहुतेक वेळा एएसएपेक्षा (बाहेरच्या कामाचं प्लास्टिक) जास्त ताण सोसतं. तेच पीएलए कडक उन्हात एका पायावर उभं करा, काही दिवसांत ते गुडघ्यात वाकेल. बाहेर तीन गोष्टी प्लास्टिकच्या मुळावर येतात: उष्णता, उन्हातले अतिनील किरण आणि पाणी. तिघांची खूण निराळी, उपायही निराळा. खूण न बघता फिलामेंटची महागडी रीळ घेतली की तोच पुतळा दुसऱ्यांदा बिघडतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तपासणी, मग खरेदी असाच आग्रह धरतो.

आधी लक्षणं

- मान, हात, तलवार किंवा शेपटी झुकलीय, पण कुठे भेग नाही. हे उष्णतेचं काम.
- पृष्ठभाग पिवळसर किंवा पांढुरका झालाय, बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागते, बारीक टोकं दाबताच तुटतात. हे अतिनील किरणांचं काम.
- रंग फिका पडलाय, पण प्लास्टिक अजून चिवट आहे. इथे फक्त रंगद्रव्य गेलंय.
- भेग आडवी आहे आणि बरोबर थरांच्या रेषेतून गेलीय. थर नीट चिकटले नव्हते, किंवा आत पाणी तरी शिरलंय.
- हलवलं की आतून डुचमळल्याचा आवाज येतो, तळातून हिरवट पाणी झिरपतं.
- रंगाचे पापुद्रे निघतायत, खालचं प्लास्टिक मात्र ठीक आहे.
- प्लास्टिक शाबूत, जोडच सुटलाय.

एकाच पुतळ्यावर दोन-तीन खुणा सापडणं नेहमीचं आहे. मग सगळ्यात जास्त बिघडलेल्या जागेपासून सुरुवात करा.

तपासणी १: उलटा करून बघा

याला काही खर्च नाही, आणि तरीही बहुतेकजण हे करत नाहीत. पुतळ्याच्या तळाला ऊन कधीच लागत नाही. म्हणजे तळ हा तुमच्या हातात असलेला जुना नमुना आहे. तळाचा रंग आणि वरचा रंग शेजारी शेजारी ताडून पाहा. मग तळाच्या कडेचा थोडासा भाग नखाने किंवा चिमट्याने वाकवून पाहा आणि तसंच वरच्या एखाद्या कडेला करा.

वरचं ठिसूळ आणि तळ चिवट असेल तर ऊन जबाबदार आहे. दोन्ही सारखेच ठिसूळ असतील तर उन्हाला दोष देऊ नका. फिलामेंट छापतानाच ओलं होतं किंवा थर नीट वितळले नव्हते. या एका निरीक्षणाने पुढचा अर्धा रस्ता वाचतो.

वाकलेल्या भागाची दिशाही बघा. दुपारच्या उन्हाकडे तोंड असलेला हात झुकलाय आणि सावलीकडचा सरळ आहे, म्हणजे उष्णताच. दोन्ही हात सारखे झुकलेत तर स्वतःचं वजनही त्यात आलं. प्लास्टिक पूर्ण मऊ पडायच्या आधीच, सतत भार असेल तर, ते हळूहळू सरकत राहतं. पीएलएच्या बाबतीत हे ४५ अंशांच्या आसपासही दिसतं. म्हणूनच एका घोट्यावर तोललेली फिगर सगळ्यात आधी कलते आणि बसकं, रुंद बुडाचं कासव तसंच राहतं.

तपासणी २: हे प्लास्टिक खरंच तेच आहे का?

रीळवरचं लेबल निघून गेलेलं असतं, दोन अर्धवट रिळांची अदलाबदल झालेली असते, पुतळा दुसऱ्याच कुणी छापलेला असतो. ‘एएसए आहे’ म्हणून आलेले आणि पीएलए निघालेले बरेच पुतळे मी पाहिलेत. घरातल्या मिठाने आणि गरम पाण्याने हे ओळखता येतं.

साधारण १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. या संपृक्त पाण्याची घनता सुमारे १.२ असते. एबीएस या एएसएसारख्याच प्लास्टिकची घनता १.०४ आणि एएसएची १.०७ च्या आसपास, म्हणून ही दोन्ही त्यावर तरंगतात. पीएलए (१.२४) आणि पीईटीजी हे आणखी एक प्लास्टिक (१.२७) बुडतात. चाचणीला रीळवरचा भरीव तुकडाच घ्या. छापलेल्या तुकड्याच्या पोटात हवा असते आणि ती फसवते. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून टाका. लाकूड, धातू किंवा कार्बन फायबर मिसळलेल्या फिलामेंटला ही चाचणी लागू पडत नाही.

बुडालं तर दुसरी पायरी. ७० अंशांच्या पाण्यात तोच तुकडा मिनिटभर धरा. पीएलए दोऱ्यासारखं लुळं पडतं, पीईटीजी आपला ताठपणा राखून असतं. याचं कारण मऊ पडायच्या तापमानात आहे: पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं, पीईटीजी ८० च्या आसपास, एबीएस आणि एएसए १०० च्या पुढेमागे, पॉलिकार्बोनेट १४५ च्या जवळ. ‘प्लस’, ‘टफ’, ‘प्रो’ असं काही लिहिलेलं पीएलए आघात जास्त सोसतं, पण मऊ पडतं साधारण त्याच तापमानाला. या नावांवर भरवसा ठेवून बाहेर मांडलेले पुतळे परत आलेले मी पाहिलेत.

तपासणी ३: जागा आणि रंग

हवेचं तापमान ३५ अंश आहे म्हणजे पुतळाही ३५ वरच आहे, असं धरून चालू नका. ऊन थेट पडलं की गडद पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. काळ्या, गडद निळ्या किंवा गडद तपकिरी प्लास्टिकने तापलेल्या दुपारी ६० अंश ओलांडणं अगदी साधं आहे. त्याच जागी पांढरा पुतळा बराच थंड राहतो. काचेमागची खिडकी आणि बंद गाडीचा डॅशबोर्डही बाहेरच समजा. गाडीत तर पीएलएची फिगर ठेवूच नका.

मी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजतो. दिवसातल्या सगळ्यात तापलेल्या तासाला, सगळ्यात गडद भागावर, जवळून. चकचकीत धातूच्या रंगावर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून तिथे आधी कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. थर्मामीटर नसेल तर आणखी सोपं: पीएलएची एक पातळ पट्टी छापा, दोन टोकांवर टेकवून मधे एक नट ठेवा आणि पुतळ्याच्या जागी दिवसभर राहू द्या. पट्टी पोटात खचली तर ती जागा पीएलएची नाही.

माझा नियम असा: मोजलेलं कमाल तापमान आणि प्लास्टिक मऊ पडायचं तापमान यांत निदान २० अंशांचं अंतर हवं. म्हणजे पृष्ठभाग ५५ पर्यंत जात असेल तर पीईटीजी चालेल. ६५-७० ला पोचत असेल तर एएसए. आणि पुतळा झाडाच्या सावलीत सरकवून, किंवा वरून फिका रंग देऊन कमाल तापमान ४० च्या खाली आणता आलं, तर रंगवलेलं पीएलएही तिथे तग धरतं. जागा बदलायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे हा उपाय नेहमी आधी करून बघावा.

तपासणी ४: पाणी कुठून जातं, कुठून येतं

थ्रीडी प्रिंट दिसायला भरीव, आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ. बाहेरच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात, विशेषतः थराची सुरुवात आणि शेवट जुळतो त्या शिवणीवर आणि डोक्यासारख्या गोलाईच्या माथ्यावर. पाऊस तिथून शिरतो.

अनेकजण यावर सगळी छिद्रं बुजवून पुतळा हवाबंद करू पाहतात. त्याने काम बिघडतं. आतली हवा २० अंशांवरून ६० अंशांवर गेली की तिचा दाब सुमारे १४ टक्के वाढतो, रात्री उतरतो. रोजच्या या श्वासोच्छ्वासात एखादं बारीक छिद्र उरलंच असेल तर पुतळा दवाचं पाणी आत ओढून घेतो आणि मग ते बाहेर पडायला वाट नसते. थंड प्रदेशात हेच पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि थर उचकटतं. आडव्या भेगांचं हे एक हमखास कारण आहे.

म्हणून तळाला ४ मिलिमीटरचं एक भोक पाडा, मोठा पुतळा असेल तर दोन. पाणी निथळू द्या, दोन दिवस सावलीत वाळवा. भोक जमिनीला टेकून बंद होऊ नये म्हणून बुडाला तीन छोटे पाय किंवा रबरी बटणं लावा. नव्याने छापत असाल तर इन्फिलचा, म्हणजे आतल्या जाळीचा, नमुना गायरॉइड (नागमोडी लहरींचा) ठेवा. त्यातल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि पाणी तळापर्यंत वाहत येतं. बंद चौकोनांच्या जाळीत ते जागोजाग अडकून बसतं.

तपासणी ५: रंग आणि वरचं क्लिअर

रंग ही उन्हाविरुद्धची सगळ्यात स्वस्त ढाल आहे. अतिनील किरण बहुतेक वरच्या पातळ थरात नुकसान करतात. तो थर प्लास्टिकचा असण्यापेक्षा रंगाचा असलेला बरा, कारण रंग पुन्हा देता येतो.

पापुद्रे निघत असतील तर टेपची चाचणी करा. धारदार पात्याने रंगावर बारीक जाळीसारख्या रेघा ओढा, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपबरोबर आले म्हणजे पकडच नव्हती, अशा पुतळ्यावर नवा हात देऊन उपयोग नाही. सगळा रंग काढा, २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. त्यावर प्लास्टिकसाठीचा प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, आणि शेवटी यूव्ही (अतिनील) रोधक असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं ॲक्रिलिक क्लिअर, म्हणजे पारदर्शक वरचा थर. पीईटीजीवर रंग धरायला सगळ्यात जास्त त्रास होतो. तिथे घासण्यात कसूर केलीत तर पहिल्या पावसाळ्यानंतर रंग सोलून निघतो.

चमक छान येते म्हणून इपॉक्सीचा वरचा थर देणारे बरेच आहेत. घरात तो ठीक आहे. उन्हात इपॉक्सी स्वतःच पिवळा पडतो, म्हणून तो द्यायचाच तर खाली, आणि वर यूव्ही रोधक क्लिअर हवंच.

नुसता रंग फिका पडला असेल तर दोष रंगद्रव्यांचा. लोह ऑक्साइडचे गेरू, तांबूस, तपकिरी रंग आणि काजळीचा काळा वर्षानुवर्षं टिकतात. झगमगीत फ्लुरोसंट गुलाबी-हिरवे सगळ्यात आधी उडतात. बाहेरच्या फिगरची रंगसंगती ठरवतानाच हे लक्षात घेतलं तर पुढचे कष्ट वाचतात. काजळी प्लास्टिकच्या आत मिसळलेली असेल तर ती अतिनील किरण उत्तम अडवते. पण काळा रंग तापतोही तितकाच, त्यामुळे काळ्या एएसएचा हा फायदा काळ्या पीएलएला मिळत नाही. ते जुनं होण्याआधीच वाकतं.

तपासणी ६: थर धरलेत का?

भेग थरांच्या रेषेत असेल तर फिलामेंट बदलण्याआधी छपाई तपासा. ८ मिलिमीटर जाडीची, ६० मिलिमीटर उंचीची काडी उभी छापा आणि हाताने मोडा. तुटलेली जागा गुळगुळीत, चकचकीत असेल तर थर फक्त एकमेकांवर टेकले होते. खडबडीत आणि तंतू ओढल्यासारखी असेल तर धरले होते.

न धरण्याचं पहिलं कारण ओलं फिलामेंट. छापताना नोझलमधून (वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीतून) चरचर किंवा टकटक आवाज येतो, कोळिष्टकासारखे दोरे सुटतात, पृष्ठभाग मळकट दिसतो. पीएलए ४५-५० अंशांवर, पीईटीजी ६५ वर, एएसए आणि एबीएस ८० वर चार ते सहा तास वाळवा. नायलॉनला ८० अंशांवर आठ ते बारा तास लागतात. घरच्या ओव्हनचा काटा दाखवतो एक आणि आत असतं दुसरंच, म्हणून वेगळा थर्मामीटर आत ठेवल्याशिवाय रीळ ओव्हनमध्ये टाकू नका.

दुसरं कारण पंखा. पीएलएच्या सवयीने एएसएवर पूर्ण वेगाने पंखा लावला की थर पुढचा थर येईपर्यंत थंड होऊन जातो. तिसरं, कमी भिंती, म्हणजे बाहेरच्या कवचाचे कमी पदर. ०.४ मिलिमीटरच्या नोझलने दोन भिंती म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर. बाहेरच्या पुतळ्याला मी चार भिंती देतो, घोटा-मनगट-मान अशा अरुंद जागी तर पूर्ण भरीव छापतो. इन्फिल वाढवण्यापेक्षा भिंती वाढवणं जास्त कामाचं. १५-२० टक्के इन्फिल पुरतो.

तलवार, भाला, शिंगं यांसारखे भाग पुतळ्याबरोबर उभे छापू नका. वेगळे, आडवे छापून बसवा, म्हणजे थर लांबीच्या दिशेने धावतात आणि वाऱ्याच्या धक्क्याने काडीसारखे मोडत नाहीत.

तपासणी ७: आता फिलामेंट बदला

इथवरच्या तपासण्यांनी भागलं नाही, किंवा पुतळा दिवसभर उन्हातच राहणार आहे, तेव्हा साहित्य बदलायची वेळ आली. माझा कल उघडच एएसएकडे आहे. का, ते सांगतो.

एबीएस आघात सोसतं ते त्यातल्या ब्युटाडाइन रबरामुळे. या रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, आणि ऊन व ऑक्सिजन मिळून नेमके तेच तोडतात. म्हणून उन्हातलं एबीएस पिवळं पडतं, पूड सोडतं, ठिसूळ होतं. एएसएमध्ये त्या जागी ॲक्रिलेट रबर आहे. त्यात हे कच्चे दुवे नाहीत. बाकी स्वभाव जवळपास तोच: १०० अंशांपर्यंत ताठ, चिवट, घासायला-रंगवायला सोपं. मोटारींच्या बाहेरच्या भागांसाठी एएसए वापरतात ते याच कारणाने. एबीएस छापता येत असेल तर एएसए छापता येतंच, मग बाहेरच्या कामासाठी एबीएस निवडायला मला तरी कारण दिसत नाही.

त्याची अट एकच, छापताना ऊब हवी. नोझल २४० ते २६० अंश, बेड (ज्यावर छापतात ती तापणारी पाटी) ९० ते ११०, पंखा बंद किंवा अगदी मंद, आणि प्रिंटर बंद पेटीत. उघड्या प्रिंटरवर कोपरे उचलतात, उंच पुतळ्याच्या कमरेत भेगा पडतात. आठ-दहा मिलिमीटरचा ब्रिम (पहिल्या थराभोवतीची पातळ झालर) द्या. छपाई संपली की झाकण लगेच उघडू नका, तासभर आतच निवू द्या. घाईने बाहेर काढलेला पुतळा त्या दिवशी धड दिसतो, पण आत राहिलेला ताण पहिल्या कडक उन्हात भेग बनून बाहेर येतो. छापताना स्टायरीनची वाफ निघते, त्यामुळे हवा बाहेर फेकणारी सोय हवी आणि त्या खोलीत झोपणं नको.

बंद पेटी नसेल तर पीईटीजी. ते उघड्या प्रिंटरवर नीट छापलं जातं, पाण्याला दाद देत नाही, तुटण्याआधी वाकतं. उन्हापुढे पीएलएपेक्षा बरं, एएसएपेक्षा कमी. फिका रंग, जाड भिंती आणि वर रंगाचा थर एवढं पाळलं तर अर्धवट सावलीतल्या पुतळ्याला ते पुरेसं आहे. बारीक नक्षीवर दोरे सोडतं ही त्याची अडचण. चेहरा महत्त्वाचा असेल तर छपाईचा वेग कमी ठेवा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पॉलिकार्बोनेट उष्णता सगळ्यात जास्त सोसतं, पण छापायला अवघड आणि यूव्ही रोधक नसेल तर पिवळं पडतं. शोभेच्या वस्तूला इतकी गरज क्वचितच असते. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि नरम पडतं. सांध्यातल्या खिळ्यांना छान, पुतळ्याला नाही. हलणारी शेपटी किंवा पानं हवी असतील तर रबरासारखं लवचिक टीपीयू घ्या, त्यातही पॉलिइथर प्रकारचं, कारण पॉलिएस्टर प्रकारचं टीपीयू ओलाव्याने झिजतं. रेशमी चमकीचं सिल्क पीएलए दिसतं सुंदर, पण थरांची पकड साध्या पीएलएपेक्षा कमजोर. लाकूड मिसळलेलं पाणी शोषतं आणि फुगतं. ही दोन्ही घरातच शोभतात. रेझिन प्रिंटरवरच्या (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करून छापलेल्या) फिगरबद्दलही विचारणा होते: साधं रेझिन उन्हात आणखी कडक होत जातं आणि शेवटी ठिसूळ होतं, त्यामुळे बारीक संग्राह्य फिगर काचेच्या कपाटातच ठेवा.

पीएलए ओव्हनमध्ये भाजून उष्णतेला पक्कं करण्याची युक्तीही खरी आहे. भाजल्याने त्याचं स्फटिकीकरण होतं आणि ते जास्त तापमान सोसतं. पण भाजताना ते आक्रसतं, तेही सगळीकडे सारखं नाही. चौकोनी ब्रॅकेटला चालून जातं. चेहरा असलेल्या वस्तूवर हा प्रयोग करू नका.

नवी रीळ आणली की मी आधी दोन सारख्या पट्ट्या छापतो. एक खणात, एक पुतळ्याच्या जागी उन्हात. महिन्याने दोन्ही हातांनी वाकवून बघतो. उन्हातली पट्टी खणातलीइतकीच वाकली तर त्या रीळवर ४० तासांची छपाई लावायला मन धजावतं.

तपासणी ८: जोड आणि पाया

हे सगळ्यात कष्टाचं, कारण पुतळा उघडावा लागतो. मजबुतीसाठी आत लोखंडी सळई घालून ती पूर्ण लांबीभर इपॉक्सीने चिकटवली असेल तर भेगांचं कारण तिथेच आहे. एएसए प्रत्येक अंशाला लोखंडाच्या सातपट ते आठपट प्रसरण पावतं. ३०० मिलिमीटर उंचीचा पुतळा सकाळपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तर साधारण १ मिलिमीटरने वाढतो. आतली सळई जेमतेम ०.१५ मिलिमीटर वाढते. रोजची ही ओढाताण थरांवर निघते. सळई फक्त पायथ्याशी पक्की करा, वरचं टोक सैल भोकात मोकळं राहू द्या. दगडी चौथऱ्यावर बसवतानाही तेच: एक स्क्रू घट्ट, बाकीच्यांची भोकं लांबट.

जोड सुटला असेल तर बहुधा तो सायनोॲक्रिलेटने म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावलेला असतो. तो गोंद ठिसूळ, त्यात ओलावा आणि रोजचं तापणं-निवणं त्याला झेपत नाही. एएसएचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी एएसएच्या जोडाला लावा, दोन्ही भाग अक्षरशः एकजीव होतात. पीएलए आणि पीईटीजीला दोन भागांचा इपॉक्सी वापरा, तोही ऊन लागणार नाही अशा आतल्या बाजूने.

कुठे थांबायचं

हात लावला की पूड सांडते आणि भेगा जाळ्यासारख्या पसरल्यात, असा पुतळा दुरुस्त होत नाही. त्याच्यावर इपॉक्सी, रंग, वेळ काहीही घालवू नका. फाईल असेल तर एएसएमध्ये पुन्हा छापा.

तुमच्या प्रिंटरच्या हॉट एंडमध्ये (फिलामेंट वितळवणाऱ्या भागात) टेफ्लॉनची नळी थेट नोझलपर्यंत जात असेल तर २४० अंशांच्या वर जाऊ नका. नळी जळायला लागते, तिची वाफ घातक असते, आणि पाळीव पक्ष्यांना तर ती जिवावर बेतते. हॉट एंड बदलायचा तर पूर्ण धातूचा, आणि ते काम आधी केलेलं नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या. बेडची किंवा पॉवर सप्लायची वायर तापते, टोकाशी काळी पडलीय, जळका वास येतो, असं काहीही दिसलं तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. एएसएला बेड तासन्तास १०० अंशांवर ठेवावा लागतो आणि ढिला जोड त्याच वेळी पेट घेतो.

ॲसिटोन गरम करून त्याच्या वाफेने पुतळा गुळगुळीत करण्याचे प्रकार घरी करू नका, ती वाफ सहज पेटते. दोन भागांचं ऑटोमोबाइल क्लिअर सगळ्यात टिकाऊ, यात शंका नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवारताना ते फुप्फुसात जातं आणि कायमचा दमा जडू शकतो. साध्या मास्कने ते थांबत नाही. पुतळा रंगवून तयार ठेवा आणि क्लिअरचा शेवटचा हात गाड्या रंगवणाऱ्या वर्कशॉपमधून मारून घ्या, त्यांच्याकडे फवारणीची खोली आणि हवा पुरवणारा मुखवटा असतो.

माणसांच्या डोक्यावर येईल अशा उंचीवर, छज्जावर, प्रवेशाच्या कमानीवर काहीही बसवायचं असेल तर त्याचा आधार आणि वाऱ्याचा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय बसवू नका, पुतळा कितीही हलका असो.

आणि कुणाला दहा-पंधरा वर्षं उघड्यावर टिकेल असा पुतळा हवा असेल तर मी प्रिंटचा आग्रह सोडतो. प्रिंट हा नमुना म्हणून वापरायचा, त्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि काँक्रीटमध्ये ओतकाम करून घ्यायचं. पीएलएचा नमुना भट्टीत जाळून त्या जागी कांसं ओतणारे कारागीरही असतात. त्यांच्याकडे जाताना फाईलबरोबर तीन गोष्टी लिहून न्या: पुतळा उन्हात किती तास राहणार, तिथे पाणी गोठतं का, आणि तो कशावर बसणार. नमुना थोडा मोठा छापावा लागेल, कारण धातू थंड होताना आक्रसतो. किती मोठा, हा आकडा ओतणाऱ्याकडूनच घ्या आणि मगच छपाई सुरू करा.